उसना आवाज

भिंतीपलीकडून कुणीतरी वाचत होतं. आधी तपासनीस बाईंना वाटलं, शेजारच्या वर्गातून येत असेल. पण शेजारचा वर्ग तर रिकामा; पटावर मुलंच एवढी थोडी, की सगळ्यांना एका खोलीत कोंबलेलं. समोर उभा असलेला मुलगा एका शब्दावर असा अडकला होता की त्याच्या गळ्यातला आवंढा वरखाली होताना दिसत होता. त्याच्यापुढे टेबलावर बाईंचा फोन, त्यावरचा लाल ठिपका चालू. हल्ली प्रत्येक मुलाचं वाचन असं टिपून घ्यायचं; थांबवलं की ते आपोआप कचेरीत जातं, दुसरी संधी नाही. मुलगा 'प'पाशी उभा होता आणि 'प'च्या पुढे त्याला रस्ता दिसत नव्हता. त्या शांततेत पलीकडचा आवाज आला. दबका, पण स्वच्छ. प्रत्येक स्वल्पविरामाशी जरासा थबकायचा आणि पुन्हा चालायला लागायचा. बाईंची नजर फोनवरून भिंतीकडे गेली. हा आवाज त्यांनी गेल्याच आठवड्यात ऐकला होता. या शाळेत नाही. त्या दुसऱ्या शाळेत.

त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. या शाळेचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि वेळप्रसंगी नळ दुरुस्त करणारे, असे सबकुछ म्हणजे हे गुरुजी. ते छताकडे बघत होते, जणू तिथे काही लिहिलंय. मग ते खोकले. तो खोकला छातीतून आलेला नव्हता, हे कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. लगेच पहिल्या बाकावरची मुलगी खोकली, तिच्या मागचा खोकला, आणि बघता बघता सगळा वर्ग खोकायला लागला. एवढ्या लेकरांना एकदम ठसका लागतो का कधी? 'प'वरच्या मुलालाही सुटल्यासारखं झालं. तोही जीव तोडून खोकला. पलीकडचा आवाज बंद पडला. बाईंनी फोन थांबवला आणि म्हणाल्या, "पुढचा."

दोन शाळा होत्या. गाव म्हणा, शहर म्हणा, ते धड दोन्ही नव्हतं. एवढं लहान, की शाळांना ठेवलेली थोरामोठ्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. एक टाकीची शाळा, पाण्याच्या टाकीखालची. दुसरी गोदामाची शाळा, गोदामांच्या रांगेमागची, म्हणजे ही. दोन्ही सरकारी, दोन्हींचा रंग सारखाच उडालेला. यंदा त्यातली एक बंद करायची आणि तिची मुलं दुसरीत घालायची, असं कचेरीत ठरलं होतं. मग तुलना आली. साहेबांचा तो लाडका शब्द. आधी दोन शाळांना दोन तपासनीस असायचे, पण यंदा साहेब म्हणाले, "एकाच नजरेनं झालं पाहिजे. म्हणजे कुणी बोट दाखवायला नको." ती एक नजर म्हणजे बाई. त्यांनी दोन्हीकडचे नळ पाहिले, दोन्हीकडे गळत होते. संडासाच्या कड्या पाहिल्या, दोन्हीकडे नव्हत्या. फळे पाहिले, दोन्हीकडे मधोमध पांढरट पडलेले. एवढी जुळी भावंडं घरातसुद्धा सापडायची नाहीत. उरलं फक्त वाचन. आणि वाचनात टाकीची शाळा पुढे होती ती एका मुलीमुळे. तिथे ती मागच्या बाकावरून उठली होती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. पुस्तकातल्या ओळीखाली बोट धरून वाचत गेली आणि स्वल्पविराम आला की बोट उचलायची, मग टेकवायची. पाण्यातून चालताना पाऊल उचलतो तसं. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले होते आणि घरी जाताना वाटभर त्यांना बरं वाटत होतं. क्वचित वाटायचं त्यांना तसं.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी आपल्या खोलीत चहा दिला. बाईंनी विचारलं, "भिंतीपलीकडच्या अडगळीच्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही मॅडम. जुनी बाकं आहेत."

"बाकं चांगली वाचतात."

गुरुजी बसले. खुर्चीत नाही, खिडकीच्या कट्ट्यावर. मग त्यांनी भडाभडा सांगून टाकलं, कारण ते खोटं बोलण्यात अगदीच कच्चे होते. चिंगी म्हणतात तिला. मुलगी इथलीच. टाकीच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या, रडकुंडीला. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, जाता जाता शाळा बंद पडलेली बघू नये एवढंच म्हणत होत्या. म्हणाल्या, एका दिवसापुरती द्या. "आता मॅडम, आमच्याकडे हे चालतं. त्यांनीही मागं एकदा आम्हाला गणितातला पोरगा दिला होता. नाही कसं म्हणायचं? आणि आम्हाला वाटलं, नेहमीसारखे इकडे दुसरे साहेब येतील. चिंगी तिकडेही वाचेल, इकडेही वाचेल, दोघांचं भागेल. काल कळलं, दोन्हीकडे तुम्हीच. मग तिला पुढे कशी आणू? तोंड तेच, आवाज तोच, आणि फोनमध्ये सगळं पक्कं झालेलं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "आजारी म्हणून गैरहजर लिहिलंय. वाचता न येणाऱ्या दोघांबरोबर आत बसवलं. गप्प बस म्हटलं होतं. पण तिला पुस्तक दिसलं की राहवत नाही, त्याला मी काय करू?"

बाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. अदलाबदल पकडली तर नियम सरळ होता: देणारी आणि घेणारी, दोन्ही शाळा बाद. दोन्ही कुलपं. दोघांच्याही नोकऱ्यांवर गदा. न पकडली तर एक शाळा वाचत होती, पण तीही चिंगीच्या आवाजावर आणि चिंगीची सोडून. गोदामाची शाळा बंद झाली की इथल्या मुलांना मोठा रस्ता ओलांडून टाकीकडे जावं लागणार. तो रस्ता म्हणजे सकाळपासून नुसते ट्रक. मोठी मुलं जातील. चिंगी नाही जायची. खिडकीतून तेव्हा ती दिसलीच. कुणीतरी मागच्या दाराने सोडली असावी. तिच्या कडेवर एक शेंबडं पोर होतं, तिचा भाऊ, आणि ते तिच्या पडलेल्या दाताच्या जागी बोट घालू बघत होतं.

"याला रोज आणते?"

"आई कामावर जाते. याला सांभाळायचं म्हणजे घरी राहायचं, नाहीतर इथं आणायचं. मी म्हटलं, आण. बसतो बिचारा कोपऱ्यात." गुरुजी हसल्यासारखे झाले. "याच्यासकट मोठा रस्ता कशी ओलांडणार ती? आई पाठवणारच नाही. पहिल्याच दिवशी बसेल घरी."

संध्याकाळी बाई चालत घरी निघाल्या. पाय आपले आपण चालले होते. दुकानांच्या पाट्या त्या नेहमी मनातल्या मनात वाचायच्या, लहानपणापासूनची खोड, आज वाचवेना. डोक्यात एक सायकल होती. पुढच्या दांडीवर त्या स्वतः, चांगल्या जाडजूड फ्रॉकात, आणि मागून अण्णांचा श्वास. अण्णा, त्यांचे वडील, शिक्षकच होते. पाहणी असली की दुसऱ्या शाळेचे कुणीतरी घरी यायचे आणि म्हणायचे, तुमची मुलगी द्या ना एका दिवसापुरती. अण्णांना केवढा अभिमान वाटायचा! वाटेत ते तिला त्या दिवसाचं नाव शिकवायचे. आज तू अमुक. म्हण बरं. ती म्हणायची. पट्टा दुसऱ्या शाळेचा बांधायचा, दुसऱ्याच्या बाकावर बसायचं, हजेरीला दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणायचं, आणि मग उठून असं खणखणीत वाचायचं की साहेबांनी मान डोलवावी. भीती कधी वाटली नाही. नाव दुसऱ्याचं असलं की चुकण्याची भीतीच राहत नाही, चुकलं तर ती चुकली. शाबासकी मिळाली तर तीही तिलाच, हे मात्र ध्यानात यायला एक दिवस यावा लागला. त्या दिवशी सुट्टीत ती संडास शोधत भलत्याच दाराशी गेली. कडी बाहेरून होती. काढली. आत नकाशांच्या गुंडाळ्या, मोडकी बाकं, आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली मुलं. हूं नाही की चूं नाही. त्यातली एक मुलगी उठली, उवांमुळे केस अगदी बारीक कापलेली. तिने हिला खालून वर पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "आज तू मी आहेस ना?"

"हो."

"मग मी चांगलं वाचलं का?"

त्या 'हो' म्हणाल्या होत्या. आणि ती कापलेल्या केसांची मुलगी एवढी हसली! मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग स्वतःच पुन्हा आत जाऊन भिंतीला टेकून बसली. बाईंनी कडी लावली. लावायलाच हवी होती, काढलेली कळली असती तर अण्णा रागावले असते. पण ती कडी लावतानाचा लोखंडाचा थंडपणा अजून बोटांना आहे. पुढे सगळं आयुष्य वाचण्यातच गेलं. कचेरीच्या कार्यक्रमांत साहेबांचं भाषण साहेबांऐवजी बाईच वाचतात, त्यांचा घसा बसल्याचं निमित्त सांगून. सगळे म्हणतात, काय आवाज आहे! आणि वाचताना दर वेळी वाटतं की कुठेतरी एका बंद दाराआड कुणीतरी कान लावून बसलंय, ज्याचं हे सगळं आहे. स्वतःचं म्हणून कधी काही वाचलं का? आठवत नाही. लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांसमोर काय बोलायचं तेही अण्णांनी शिकवलं होतं. लग्न टिकलं नाही. टिकणार कसं? त्याला हवी होती ती बाई तिथे नव्हतीच, आणि जी होती तिला बोलता येत नव्हतं. हे असं स्वतःशी इतकं स्पष्ट म्हटलं की रडू येईल असं वाटायचं, पण रडूही यायचं नाही. नुसतं छातीवर पाटी ठेवल्यासारखं व्हायचं.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आता त्यांना निम्मं आठवायचं, निम्मं नाही; आणि जे आठवायचं ते सगळं चांगलंच असायचं, हे एक बरं होतं त्यांचं. बाईंनी त्यांना दूध दिलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "अण्णा, पाहणीच्या दिवशी आत कोंडलेली मुलं कोण असायची?"

"कोंडलेली कसली? बसवलेली."

"कोण पण?"

"असायची कुणी. ढ." अण्णांनी हात झटकला. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण तू काय वाचायचीस! तुझ्या जिवावर शाळा वाचल्यात, माहितेय? त्या ओढ्याकाठच्या शाळेचे हेडमास्तर मला म्हणाले होते, तुमच्या पोरीनं लाज राखली."

"ती बंद पडली अण्णा. कधीच. तिथे आता टायरवाला आहे."

"छट्!" अण्णा म्हणाले. "तू वाचलं होतंस ना? मग बंद कशी पडेल?"

बाई त्यांच्या पायाशी तशाच बसून राहिल्या. राग आला होता, फार राग, आणि तो या एवढ्याशा झालेल्या, हनुवटीवर दुधाचा ओघळ आलेल्या म्हाताऱ्यावर काढण्यासारखा नव्हता. तिथे बसल्या बसल्याच त्यांना सुचलं. गैरहजर मुलाचं वाचन दुसऱ्या दिवशी घेता येतं, नियमच आहे. आणि बाहेरचा गोंगाट फार असेल तर आधीचं एखादं रेकॉर्डिंग ग्राह्य धरू नये असं लिहिण्याचा तपासनीसाला अधिकार आहे. टाकीच्या शाळेत ती मुलगी वाचत होती तेव्हा बाहेरून टँकर गेलाच होता. तेवढं एक पुसलं की झालं. मग उद्या चिंगी स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या नावावर वाचेल. तिचा आवाज तिच्या शाळेच्या खात्यात पडेल आणि गोदामाची शाळा वर येईल. टाकीची जाईल. मोठ्या बाई रडतील. रडू देत. टाकीची मुलं इकडे आली तर निदान त्यांच्या कडेवर कुणी नाही. इतकं सोपं! बाईंच्या छातीवरची पाटी जराशी हलली. गुरुजींना फोन करून सांगावं का, असं वाटलं. हात फोनकडे गेलाही. पण सांगायचं तर शब्दांत सांगावं लागणार, आणि एकदा तोंडातून गेलं की तो कट झाला. न बोलता केलं तर ते नुसतं काम. या खात्यात सगळे असेच वागत आले होते. मुलं मागायला येणारेसुद्धा कधी 'फसवू या' म्हणाले नव्हते, 'एका दिवसापुरती द्या' म्हणाले होते. बाईंनी फोन पालथा ठेवला.

सकाळी त्या गोदामाच्या शाळेत गेल्या तेव्हा गुरुजी दारातच उभे होते. चेहरा पडलेला, दाढी वाढलेली. बाई म्हणाल्या, "काल एक मुलगी आजारी होती. तिचं वाचन घ्यायचं राहिलंय." त्यांनी आवाजात जेवढी माया आणता येईल तेवढी आणली. गुरुजींनी मान खाली घातली. "हो मॅडम," ते म्हणाले, "वाटलंच होतं. घ्या." त्यांच्या डोळ्यांत काहीतरी ठरवून टाकल्यासारखं होतं, आणि बाईंना वाटलं, समजले असावेत. माणसं न बोलता समजतात, असं वाटण्याची त्यांना सवयच होती.

चिंगी पुढे आली. भाऊ कोपऱ्यात एका खडूशी खेळत होता. बाईंनी तिच्यापुढे पुस्तक ठेवलं, तोच धडा, मुद्दाम. फोनवरचा ठिपका लाल झाला. चिंगीने स्वतःचं नाव सांगितलं, नीट, आडनावासकट. मग ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागली.

पहिल्याच शब्दावर ती अडखळली. बाईंना वाटलं, घाबरली असेल. दुसरा शब्द तिने तोडून वाचला, अक्षर अक्षर सुटं. तिसऱ्याशी थांबली. आवंढा गिळला. कालचा तो 'प'वरचा मुलगा जसा उभा होता, तशीच, तंतोतंत, खांदा वर काढून. आवाजही तिचा नव्हता. जाड, नाकातून येणारा, कुठल्यातरी कच्च्या मुलाचा. काना खाल्ला. मात्रा गिळली. बाईंनी डोळ्यांनी तिला सांगितलं, नको. बोलता येत नव्हतं, आपला आवाज आत गेला असता. त्यांनी हात पुढे करून हळूच हलवला, असं नको, असं नको. चिंगीने तो हात पाहिला आणि मान हलवली, कळलं म्हणून. आणि तिने आणखी वाईट वाचलं. अख्खी ओळ गाळली. सगळी मुलं श्वास रोखून बघत होती, आणि गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका ठिकाणी स्वल्पविराम आला. चिंगीचं बोट आपसूक उचललं गेलं, हवेत थांबलं, आणि मग दचकून खाली आलं. तेवढंच काय ते तिचं स्वतःचं. बाकी धडा तिने अगदी शेवटपर्यंत, निगुतीने, मोडून टाकला.

ठिपका विझला. फोन एकदा थरथरला, वाचन कचेरीत गेलं. बाईंना ती थरथर टेबलातून कोपरापर्यंत जाणवली. आता काही पुसून उपयोग नव्हता. टाकीच्या शाळेचं ठेवलं काय आणि काढलं काय, ही शाळा खालीच राहणार होती. त्यांना ओरडावंसं वाटलं, त्या गुरुजींच्या कॉलरला धरून विचारावंसं वाटलं की अहो, एक शब्द विचारायचात मला! पण तो एक शब्द त्यांच्याही तोंडून कुठे निघाला होता? गुरुजी वळले. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यात बाईंबद्दल चक्क कृतज्ञतेची भावना होती. पकडलं नाहीत म्हणून. ते म्हणाले, "चहा सांगतो," आणि बाहेर गेले, ते बहुतेक रडायलाच.

बाईंनी पिशवी आवरली. पेन दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा ते चिंगीने उचलून दिलं. ती टेबलाला खेटून उभी राहिली होती, भावाला आता कडेवर घेऊन. तिचा चेहरा लाल झाला होता, शर्यत पळून आल्यासारखा. मुलं ऐकणार नाहीत एवढ्या हळू आवाजात, तिच्या खऱ्या आवाजात, ती म्हणाली, "बाई, मी चुकले ना नीट?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"गुरुजींनी काल शाळा सुटल्यावर शिकवलं. कसं चुकायचं ते. म्हणाले, फोनला कळता कामा नये तू कोण ते. पहिल्यांदा मला जमतच नव्हतं, सारखं बरोबरच यायचं." ती हसली, दाताच्या रिकाम्या जागेतून जीभ दिसली. भावाने तिची वेणी ओढली, तिने त्याचा हात सोडवला आणि त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग मी डोळे थोडे बारीक केले, म्हणजे अक्षरं दिसतच नाहीत. आता कुणाला नाही ना कळणार? आता आमची शाळा राहील ना?"

बाहेर मोठ्या रस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक, आणि खिडकीची काच त्यांच्याबरोबर थरथरत होती. बाईंनी पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. त्या चिंगीच्या डोळ्यांत बघून, खणखणीत, जराही न अडखळता म्हणाल्या, "हो."